मक्याच्या पिठापासून राष्ट्राध्यक्षपदापर्यंत : डॉ. खाइम वाइझमन

यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही एका शास्त्रज्ञाचे चरित्र आपल्यापुढे ठेवत आहोत. दरवर्षी या पानांवर संत, समाजसुधारक, नाटककार आणि गायक यांची चरित्रे येतात आणि ती आवडीने वाचलीही जातात. आम्ही मात्र तांत्रिक पदविकेचे विद्यार्थी आणि पुढे सरकारी नोकर, त्यामुळे आमचे मन यंत्रे, टाक्या आणि नळ यांच्याकडे ओढ घेते. शिवाय आपला बेळगावचा मुलूख उसाचा. चिकोडी, हुक्केरी, अथणीकडे गाळप हंगामात गेले की हवेतच मळीचा वास असतो. त्या मळीपासून डिस्टिलरीत अल्कोहोल होते आणि आता तेच इथेनॉल म्हणून आपल्या दुचाकीच्या पेट्रोलमध्ये येते. गोड पदार्थ सूक्ष्मजीवांना खाऊ घालायचा आणि त्यांच्याकडून उपयोगी रसायन करून घ्यायचे, ही ती विद्या. जिवाणूंच्या बाबतीत ही विद्या मोठ्या कारखान्याच्या पातळीवर नेण्यात ज्यांचा वाटा फार मोठा आहे, त्या डॉ. खाइम वाइझमन यांची ही हकीकत.

वाइझमन यांचे नाव आपण ऐकले असेल ते इस्राएलचे पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणून. परंतु त्यांची पहिली ओळख रसायनशास्त्रज्ञाची होती आणि ती त्यांनी शेवटपर्यंत जपली.

त्यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८७४ रोजी मोटोल या खेड्यात झाला. हे खेडे पिन्स्क शहराजवळ, तेव्हाच्या रशियन साम्राज्यात आणि आजच्या बेलारूस देशात आहे. दलदल, नद्या आणि जंगल असा तो प्रदेश. वडील ओझर यांचा लाकडाचा व्यापार होता. हिवाळ्यात जंगलात झाडे तोडायची, बर्फ वितळले की ओंडक्यांचे तराफे बांधायचे आणि नदीच्या प्रवाहाबरोबर दूर डान्झिग बंदरापर्यंत न्यायचे, असा तो धंदा. घरात पंधरा भावंडे झाली, त्यांत खाइम तिसरे. ज्यू लोकांना त्या साम्राज्यात कोठे राहावे, काय शिकावे यावर बंधने होती. विद्यापीठांत त्यांच्यासाठी जागा ठरलेल्या आणि अगदी थोड्या. अशा घरातला मुलगा अकराव्या वर्षी शिक्षणासाठी घर सोडून पिन्स्कला गेला आणि तेथील शाळेत एका शिक्षकामुळे त्याला रसायनशास्त्राची गोडी लागली.

रशियात पुढची वाट अरुंद होती, म्हणून वयाच्या अठराव्या वर्षी ते जर्मनीत गेले. एका निवासी शाळेत हिब्रू शिकवायचे आणि जवळच्या डार्मस्टाट येथे शिकायला जायचे, असा त्यांचा दिनक्रम होता. काम जास्त, अन्न कमी. प्रकृतीने साथ दिली नाही आणि त्यांना घरी परतावे लागले. तरी त्यांनी उमेद सोडली नाही. पुढे बर्लिनच्या तंत्रविद्यालयात आणि नंतर स्वित्झर्लंडमधील फ्रायबुर्ग विद्यापीठात शिकून १८९९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. जिनिव्हा येथे ते शिकवू लागले. त्यांचा त्या काळातला विषय होता कृत्रिम रंग. याच शहरात वैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्या व्हेरा यांच्याशी त्यांची ओळख झाली आणि १९०६ साली दोघांचा विवाह झाला.

१९०४ साली वाइझमन इंग्लंडमध्ये मँचेस्टरला आले. मँचेस्टर म्हणजे कापडगिरण्यांचे शहर आणि म्हणून रंगांच्या रसायनशास्त्राचेही शहर. विद्यापीठात विल्यम पर्किन धाकटे प्राध्यापक होते. जगातला पहिला कृत्रिम रंग ज्यांनी १८५६ साली शोधला, त्या पर्किन यांचे हे चिरंजीव. वाइझमन यांना इंग्रजी जेमतेम येत होते आणि वाट्याला आली ती तळघरातली एक प्रयोगशाळा. रसायनशास्त्राची पुस्तके वाचत वाचत ते इंग्रजी शिकले आणि थोड्याच काळात त्याच भाषेत व्याख्याने देऊ लागले. १९१० साली ते ब्रिटिश नागरिक झाले.

आता मुख्य विषयाकडे वळू. १९१० च्या सुमारास मोटारगाड्या वाढत होत्या आणि रबराचे भाव भडकले होते. तेव्हा कृत्रिम रबर करण्याची धडपड सुरू झाली. रबराचा मूळ घटक म्हणजे आयसोप्रीन. तो एका विशिष्ट अल्कोहोलपासून करता येतो आणि ते अल्कोहोल आंबवण्याच्या क्रियेतून मिळाले तर स्वस्त पडेल, अशी कल्पना होती. पर्किन, पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील फर्नबाख आणि इतर काही जण या कामात होते, त्यांत वाइझमनही सामील झाले. जिवाणूंचे शास्त्र त्यांना येत नव्हते. वयाची पस्तिशी उलटलेली असताना ते पॅरिसला जाऊन नव्या विद्यार्थ्यासारखे हे शास्त्र शिकले. पुढे या मंडळींशी त्यांचे बिनसले, १९१२ मध्ये ते त्यातून बाहेर पडले आणि एकट्याने शोध करू लागले. त्याच सुमारास प्राध्यापकपदाची जागा रिकामी झाली, परंतु १९१३ साली ती त्यांना मिळाली नाही. हा त्यांच्या मनाला लागलेला मोठा घाव होता.

त्यांचा शोध काय होता, हे आपल्या घरातल्या उदाहरणाने पाहू. दूध कोमट करून त्यात विरजण घातले की दही लागते. विरजण चांगले असेल तर दही गोड, विरजणात भलतेच काही मिसळले असेल तर दही तार धरते. म्हणजे सारे काही विरजणावर अवलंबून आहे. वाइझमन अशाच एका विरजणाच्या शोधात होते. ते त्यांनी माती आणि धान्य यांतील जिवाणूंतून निवडून काढले.

निवड करण्याची त्यांची रीत ऐकण्यासारखी आहे. काही जिवाणू संकट आले की स्वतःभोवती कठीण कवच करून झोपी जातात. आपण त्याला बीज म्हणू. उकळत्या पाण्याच्या जवळपासची उष्णता थोडा वेळ दिली तर बाकीचे सूक्ष्मजीव मरतात आणि ही बीजे मात्र टिकून राहतात. मग ती मक्याच्या शिजवलेल्या पिठात सोडायची, वाढू द्यायची, त्यांतली जोमदार वाढ उचलायची, पुन्हा उष्णता द्यायची, पुन्हा नव्या पिठात सोडायची. असे एकदा दोनदा नव्हे, शंभराहून अधिक वेळा करायचे. प्रत्येक खेपेला दुबळे गळून जातात आणि काम करणारे उरतात. आपला शेतकरी चांगल्या कणसातले दाणे बियाण्यासाठी राखून ठेवतो, त्याचीच ही सूक्ष्म आवृत्ती. या जिवाणूला पुढे क्लॉस्ट्रिडियम असिटोब्युटिलिकम असे लांबलचक नाव मिळाले. शास्त्रज्ञ त्याला वाइझमनचा जिवाणू असेही म्हणतात.

या जिवाणूला हवा चालत नाही. प्राणवायू नसलेल्या बंद टाकीत, आपल्या शरीराच्या उष्णतेइतक्या, म्हणजे सुमारे ३७ अंश तापमानाला तो काम करतो. डिस्टिलरीतल्या यीस्टला पिष्ट पदार्थ आधी साखरेत फोडून द्यावा लागतो. हा मात्र मक्याचे पीठ स्वतःच फोडतो आणि त्यातली साखर खातो. सुरुवातीला तो आम्ले तयार करतो. टाकीत आंबटपणा वाढला की तो आपली चाल बदलतो आणि त्याच आम्लांपासून द्रावक बनवू लागतो. दोन-तीन दिवसांत काम संपते. हाती येणाऱ्या द्रावकांत ढोबळमानाने सहा भाग ब्युटॅनॉल, तीन भाग अ‍ॅसिटोन आणि एक भाग साधे अल्कोहोल असते. शिवाय हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड हे वायूही निघतात. ज्या विशिष्ट अल्कोहोलसाठी शोध सुरू झाला होता, ते काही मिळाले नाही. जे मिळाले त्याचे काय करायचे, हे तेव्हा कोणालाच नीट सांगता आले नसते.

मग १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. ब्रिटिश आरमाराच्या तोफांत कॉर्डाइट नावाची बिनधुराची दारू वापरली जाई. नायट्रोग्लिसरीन आणि नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस हे तिचे मुख्य घटक. हे दोन्ही एकजीव करण्यासाठी अ‍ॅसिटोन लागे. अ‍ॅसिटोनमध्ये मळलेला तो लगदा भोकांतून दाबून शेवयांसारख्या दोऱ्या काढायच्या आणि अ‍ॅसिटोन उडून गेले की त्या सुकवायच्या. दोरीला इंग्रजीत कॉर्ड म्हणतात, त्यावरून कॉर्डाइट. त्या काळी अ‍ॅसिटोन बंद भट्टीत लाकूड भाजून मिळवत. कित्येक टन लाकूड जाळावे तेव्हा एक टन अ‍ॅसिटोन हाती येई आणि इंग्लंडला बराचसा माल अमेरिकेहून आणावा लागे. युद्धात मागणी अफाट वाढली आणि १९१५ साली तोफगोळ्यांच्या टंचाईवरून सरकार हादरले.

अशा वेळी वाइझमन यांच्या टाकीची आठवण झाली. आरमाराचे मंत्री विन्स्टन चर्चिल यांच्यापुढे त्यांना नेण्यात आले आणि मागणी झाली ती तीस हजार टन अ‍ॅसिटोनची. तोपर्यंत त्यांचे सारे काम काचेच्या भांड्यांत झालेले होते. प्रयोगशाळेतून कारखान्यात जाणे म्हणजे काय, हे यंत्रांशी संबंध आलेल्या माणसाला सांगायला नको. घरी वाटीभर दही लावणे वेगळे आणि हजारो लिटरच्या टाकीत तेच करणे वेगळे. टाकी, नळ, झडपा, सांधे, सगळे वाफेने निर्जंतुक करावे लागे. एखाद्या सांध्यातून परका जिवाणू शिरला की अख्खी टाकी वाया. दारू गाळणाऱ्यांना इतकी स्वच्छता कधी लागली नव्हती. लंडनच्या पूर्व भागात जिन तयार करणाऱ्या एका डिस्टिलरीत पहिले मोठे प्रयोग झाले, ते यशस्वी ठरले आणि मग डॉर्सेट परगण्यातील होल्टन हीथ येथील आरमाराच्या कॉर्डाइट कारखान्यात आणि किंग्ज लिन येथे काम सुरू झाले. वाइझमन लंडनला येऊन आरमाराच्या प्रयोगशाळांचे संचालक झाले.

परंतु मका समुद्रापलीकडून येई आणि जर्मन पाणबुड्या जहाजे बुडवत होत्या. १९१७ साली धान्य माणसांना पुरेना, तेव्हा टाकीत काय घालायचे? इंग्लंडमधील शाळकरी मुलांना रानात पडणारी घोडचेस्टनटची फळे गोळा करायला लावले. ती कशासाठी, हे त्यांना सांगितले नाही. मुलांनी ढीगच्या ढीग जमवले, पण वाहतुकीअभावी बरेचसे स्टेशनांवरच कुजले आणि त्यांपासून अ‍ॅसिटोनही फारसे मिळाले नाही. मोठे उत्पादन झाले ते सागरापार, जेथे धान्य होते तेथे. कॅनडात टोरांटोची एक डिस्टिलरी आणि अमेरिकेत इंडियाना राज्यातील टेर हॉट येथील कारखाना या कामाला लागले. आपल्या वाचकांना विशेष वाटेल ते असे की, याच काळात महाराष्ट्रात नाशिकलाही अ‍ॅसिटोनचा सरकारी कारखाना उभारण्यात आला. म्हणजे या कथेचा एक धागा थेट गोदाकाठापर्यंत पोचतो.

येथे थोडे थांबावे असे आम्हास वाटते. ज्या शोधाचे आपण कौतुक करत आहोत, त्याचा पहिला मोठा उपयोग माणसे मारणाऱ्या दारूसाठी झाला. मक्याच्या दाण्याने पोट भरायचे की तोफ भरायची, हा प्रश्न तेव्हा प्रत्यक्षात उभा राहिला होता. आज धान्यापासून इंधन करावे की नाही, यावर जी चर्चा आपण ऐकतो, तिचे मूळ इतके जुने आहे. शास्त्र हे विरजणासारखे असते. ते आपले काम करते. भांड्यात काय ओतायचे आणि दही कोणाला वाढायचे, हे माणसाने ठरवायचे असते.

वाइझमन यांचे दुसरे आयुष्यही याच काळात बहरत होते. तरुणपणापासून ते ज्यू लोकांच्या मायभूमीच्या चळवळीत होते. २ नोव्हेंबर १९१७ रोजी ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांनी पॅलेस्टाइनमध्ये ज्यू लोकांच्या राष्ट्रीय निवासाला पाठिंबा देणारे प्रसिद्ध पत्र लिहिले. अ‍ॅसिटोनचे बक्षीस म्हणून हे पत्र मिळाले, अशी गोष्ट पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांच्या आठवणींमुळे सर्वत्र पसरली. गोष्ट रंजक आहे, पण इतिहासकार ती मानत नाहीत आणि स्वतः वाइझमन यांनीही ती मानली नाही. त्या पत्रामागे युद्धाचे राजकारण आणि अनेक वर्षांचे बोलणे होते. अ‍ॅसिटोनमुळे सत्तेच्या दारापर्यंत त्यांची पावले गेली, इतके म्हणता येईल. त्याच पत्रात तेथे आधीपासून राहणाऱ्या इतर समाजांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांना धक्का लागू नये, असेही कलम होते. पुढे जे घडले त्यात ज्यू आणि अरब दोघांच्याही वाट्याला अपार दुःख आले आणि लक्षावधी पॅलेस्टिनी अरबांची घरे सुटली. तो निखारा अजून विझलेला नाही. त्याचा निवाडा करणे या लेखाचे काम नव्हे, पण तो विसरून हे चरित्र सांगणेही बरे नव्हे.

युद्ध संपले आणि नियतीने एक गंमत केली. अ‍ॅसिटोनची मागणी ओसरली. युद्धात जे ब्युटॅनॉल नकोसे होऊन साठून राहत होते, त्यालाच आता भाव आला. मोटारगाड्यांना लवकर वाळणारा चकचकीत रंग हवा होता आणि त्या रंगाचे द्रावक ब्युटॅनॉलपासून बनत असे. अमेरिकेतील कारखाने जोरात चालू लागले. पेटंटवरून न्यायालयात दावा झाला, तेव्हा १९२६ साली लंडनच्या न्यायालयात वाइझमन यांचे पेटंट टिकले. १९३६ साली त्याची मुदत संपल्यावर इतर अनेक कारखाने निघाले आणि मक्याऐवजी स्वस्त मळी वापरण्याकडे कल वाढला. साखर थेट खाणारे नवे जिवाणू त्यासाठी शोधले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र खनिज तेलापासून हीच रसायने स्वस्तात होऊ लागली आणि टाक्या एकेक करून बंद पडल्या.

वाइझमन यांनी मिळालेले मोठेपण संस्था उभारण्यात लावले. १९२१ साली ते आइन्स्टाइन यांना सोबत घेऊन अमेरिकेत हिंडले, ते जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठासाठी निधी जमवायला. या विद्यापीठाची कोनशिला १९१८ साली बसली आणि १९२५ साली ते सुरू झाले. राष्ट्र झाले १९४८ साली. म्हणजे आधी विद्यापीठ, मग राष्ट्र. हजारो वर्षे पोथीत राहिलेली भाषा विज्ञान शिकवण्याइतकी समर्थ व्हावी, हा त्यामागचा ध्यास होता. महाराष्ट्राबाहेर राहून पिढ्यान्‌पिढ्या मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्यांना यातले मर्म वेगळे समजावून सांगायला नको. १९३४ साली रेहोवोत येथे त्यांनी संशोधन संस्था स्थापन केली. तीच १९४९ पासून त्यांच्या नावाने ओळखली जाते आणि आज तिची गणना जगातील नामवंत संस्थांत होते.

सुखाबरोबर दुःखही आले. त्यांचा धाकटा मुलगा मायकेल ब्रिटिश विमानदलात वैमानिक होता. फेब्रुवारी १९४२ मध्ये तो बिस्केच्या उपसागरावर गेला तो परतलाच नाही. ज्याच्या रसायनाने एका युद्धाला बळ पुरवले, त्याच्या घरातून दुसऱ्या युद्धाने असा वाटा नेला. आई-वडील कित्येक दिवस त्याच्या परतण्याची आशा धरून होते.

१९४९ साली ते इस्राएलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. पद मानाचे, अधिकार थोडे. दृष्टी अधू झाली होती, प्रकृती ढासळली होती. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. 'ट्रायल अँड एरर' हे त्याचे नाव, म्हणजे करून पाहणे, चुकणे आणि पुन्हा करणे. प्रयोगशाळेत जन्म काढलेल्या माणसाला याहून चांगले नाव सुचले नसते. ९ नोव्हेंबर १९५२ रोजी रेहोवोत येथे त्यांनी देह ठेवला. त्यांच्यानंतर ते पद आइन्स्टाइन यांना देऊ करण्यात आले होते, त्यांनी ते नम्रपणे नाकारले. आपल्या कोकणातील बेने इस्राएल समाज, ज्याला रायगडच्या गावांत शनिवार तेली म्हणत, त्यातली अनेक कुटुंबे त्या देशात जाऊन वसली आणि तेथे आजही मराठी बोलली जाते, हेही येथे नोंदवून ठेवावे.

शेवटी आजच्या काळाविषयी. वाइझमन यांनी जिवाणू घडवला नाही, निसर्गात होता तो निवडला. आज शास्त्रज्ञ एक पाऊल पुढे गेले आहेत. जिवाणूच्या पेशीत जनुके असतात, म्हणजे कोणते काम कसे करायचे याच्या लिखित सूचना. एका जिवाणूतील सूचना काढून दुसऱ्यात घालता येतात. १९७८ साली अशा रीतीने ई. कोलाय या साध्या जिवाणूकडून मानवी इन्सुलिन करून घेतले गेले आणि १९८२ पासून ते मधुमेहींना मिळू लागले. मक्याच्या साखरेपासून कापडाच्या धाग्याला लागणारे रसायन अशाच बदललेल्या जिवाणूंकडून अमेरिकेत कारखान्यात तयार होते. वाइझमन यांच्या जिवाणूची संपूर्ण जनुकीय लिपी २००१ साली वाचून झाली. त्याची जुनी अडचण अशी की, ब्युटॅनॉल एका मर्यादेपलीकडे साठले की ते करणाऱ्या जिवाणूलाच विष होते. टाकीतले द्रावक शेकडा दोनच्या आसपास गेले की काम थांबते आणि मग एवढे पाणी उकळून ते वेगळे काढायला इंधन लागते. ही मर्यादा वाढवण्यासाठी जगभर प्रयत्न चालू आहेत.

आपल्या भागातील अनेक तरुण साखर कारखान्यांत आणि डिस्टिलरीत काम करतात. टाकीवरची पाळी, तापमानाची नोंद, नमुना तपासणे ही कामे त्यांना कंटाळवाणी वाटत असतील. त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, अशाच नोंदी, अशीच तपासणी आणि शंभर वेळा पुन्हा सुरुवात करण्याची तयारी यांतून हा शोध लागला. पस्तिशीनंतर नवे शास्त्र शिकता येते आणि एक पद हुकले म्हणून काम थांबत नाही, हेही या चरित्रातून घेण्यासारखे आहे. विघ्नहर्ता आपल्या मुलांना अशी चिकाटी देवो आणि हाती आलेल्या विद्येचा उपयोग कशासाठी करायचा याची सद्‌बुद्धीही देवो, एवढीच त्याच्या चरणी प्रार्थना.